शटडाउनच्या यादीतली मागची काच

मी एका मोठ्या पांढऱ्या गाडीची जुनी मागची काच आहे, आणि सध्या एका गोणीत राहते. सिल्वासाजवळ सायली नावाचं गाव आहे, त्याच्या रस्त्याला कल्पेशभाईंचं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या भिंतीला ही गोणी टेकवून ठेवली आहे. मित्रांनो, तुम्ही आत डोकावलात तर तुम्हाला काच दिसणारच नाही. खडीसाखरेसारखे हजारो खडे दिसतील. ते सगळे मिळून मी. हात मात्र घालू नका हं. दिसायला गोल दिसले तरी काही खड्यांना अजून धार आहे.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू वितळवून काच झाली, मग मला मापाने कापलं, कडा घासल्या आणि भट्टीत घातलं. मी लाल होऊन मऊ पडले, तेव्हा मला गाडीच्या पाठीसारखा बाक दिला आणि लगेच चारी बाजूंनी गार वारा सोडला. बाहेरचं अंग चटकन आवळलं. आतलं सावकाश निवत गेलं, आणि तेव्हापासून आतून एक ओढ लागली ती कायमचीच. त्या ओढीनेच मला बळ आलं. मुठीने ठोका, चेंडू मारा, मी हलायची नाही. पण ही ओढ एका ठिकाणी सुटली की सगळीकडे सुटते.

समोर बसते ती माझी बहीण. ती दोन काचांची, मध्ये पातळ पापुद्रा. तिला खडा लागला की ती तडकते, पण तडकलेली महिना महिना तग धरते. माझं तसं नाही. मला तडा जातच नाही. मी एक तर असते, नाही तर नसते.

माझ्या अंगावर बारीक तपकिरी रेषा होत्या. बटण दाबलं की त्या गरम व्हायच्या आणि काचेवरचं धुकं उडायचं. गाडी घेतली श्रीकांतने. तो मूळचा नाशिकचा. सायलीत प्लास्टिकची पिंपं बनवणाऱ्या कंपनीत यंत्रांची देखभाल त्याच्याकडे. त्याची बायको मृणाल, मुलगी रसिका, आणि पुढे चिन्मय झाला. तो आला तेव्हा मधल्या सीटवर त्याची बाळखुर्ची बसली, दुसऱ्या बाजूला त्याच्या सामानाच्या पिशव्या आल्या, आणि पाच वर्षांची रसिका सगळ्यात मागच्या सीटवर गेली. म्हणजे माझ्याजवळ.

ते माझे सुखाचे दिवस. पावसात काचेवर धुकं धरलं की रसिका गुडघ्यांवर उलटी बसायची. माझ्या रेषा तिला वहीच्या ओळींसारख्या वाटायच्या. दोन ओळींच्या मध्ये ती बोटाने ‘र’ काढायची. मग आणखी एक ‘र’. त्याच्या पुढची अक्षरं अजून तिला येत नव्हती.

"आई, बटण दाबू नको! माझा अभ्यास पुसला जातो."

"बाई गं, मला मागचं दिसायला नको का? आणि सरळ बस आधी. पट्टा लाव."

मृणाल मला वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसायची. ‘र’ पुसताना तिचा हात जरा थांबायचा, हे मला ठाऊक आहे.

माझं दुखणं सुरू झालं ते एका सायकलीने. रसिकाच्या वाढदिवसाला लाल सायकल घेतली. ती मागून गाडीत घातली, पण हॅंडल काही आत बसेना.

"थोडी आडवी कर ना," मृणाल म्हणाली.

"बसतेय, बसतेय," म्हणत श्रीकांतने मागचं दार दाबून लावलं.

ठक्!

उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढी कपची उडाली. वरवरची होती. केसभर आणखी खोल गेली असती तर मी त्याच क्षणी खाली आले असते. दुसऱ्या दिवशी मृणालने मला पुसलं तेव्हा तिच्या बोटाला लागलं. तिने वाकून पाहिलं आणि श्रीकांतला हाक मारली.

श्रीकांतने बोटाने चाचपलं. "हात्तिच्या, कपची आहे नुसती. यादीत टाकतो. शटडाउनला बदलून टाकू."

शटडाउन म्हणजे काय ते सांगते. सायलीच्या कंपन्या दिवाळीला आठ-दहा दिवस बंद राहतात. यंत्रं खोलायची, झिजलेलं बदलायचं, ते सगळं तेव्हा. वर्षभर जे जे बिघडेल त्याची यादी होते. श्रीकांतच्या खिशात एक छोटी वही असायची. तिच्यात कंपनीची यादी पुढून आणि घरची यादी मागून. गळका नळ, पंख्याचा आवाज, आणि आता मी.

"घर म्हणजे तुझी कंपनी आहे का रे?" मृणालने टोमणा मारला. "चिन्मयला शटडाउनच्या आधी दात आले तर चालतील ना?"

श्रीकांत हसला. तीही हसली. मित्रांनो, मला हसता आलं नाही. गाडीच्या मागच्या दारावर मी बसवलेली. ते दार लावलं की प्रत्येक वेळी कोपऱ्यातली ओढ जरा कण्हायची. त्या कोपऱ्याखालीच रसिकाची उशी.

कंपनीत जयवंत नावाचे एक जुने फिटर होते, धुळ्याकडचे. श्रीकांतने त्यांना मला दाखवलं.

"काही टेन्शन घेऊ नका साहेब," जयवंत म्हणाले. "यंत्रावरच्या झाकणाला आपण जो पारदर्शक गोंद लावतो ना, तोच मारून देतो. पाणी बी जायचं नाही."

त्यांनी गोंद भरला, बोट फिरवून गुळगुळीत केला. कपची दिसेनाशी झाली. कोणाच्या बोटाला लागेनाशी झाली. आणि तिथेच मला खरी भीती वाटली. जखम उघडी होती तोवर मृणाल रोज तिच्याकडे पाहायची. आता पाहायला काही उरलंच नाही. पण गोंदाखाली ओढ होती तशीच होती.

तरी मृणालचं मन खात होतं. एके दिवशी चिन्मयला कडेवर घेऊन ती कल्पेशभाईंच्या दुकानात आली. कल्पेशभाईंनी चष्मा वर सरकवला, नखाने गोंद टोकरला आणि मान हलवली.

"हे कोणी केलं, बेन?"

"यांच्या कंपनीतल्या माणसाने. समोरच्या काचेला भरतात ना तसं."

"समोरची भरते. पाठची नाय भरत. समोरची तडकली तर सांगते तरी, का मी चालली. ही काय नाय सांगत. ही बसली का एकदम बसली."

"म्हणजे कधी?"

"ते मी कसं बोलू? आज पण. सहा महिन्यांनी पण. नवी वापीवरून मागवतो, दोन दिवसांत येईल. फिट करायला अर्धा दिवस. आणि तोवर पाठच्या सीटवर पोरांना नाय बसवायचं, काय?"

मृणालने तिथूनच फोन लावला. श्रीकांत घाईत होता. त्याच्या कंपनीत तपासणीला माणसं आली होती.

"या आठवड्यात गाडी दुकानात देऊन कसं चालेल, मृणाल? अगं, दीड महिना झाला, काही झालं का? टिकलीये ना?"

"म्हणूनच भीती वाटते रे."

"दिवाळीला तीन आठवडे उरलेत. यादीत आहे ती. मी विसरलो नाहीये."

खरंच विसरला नव्हता तो. मित्रांनो, श्रीकांत निष्काळजी माणूस नाही. कंपनीत यंत्राला बारीकशी भेग दिसली तर तो लाल पाटी लावून यंत्र बंद करतो. मालक ओरडला तरी चालू करत नाही. पण गाडीला लाल पाटी कोण लावणार? एकदा नाव यादीत गेलं की काम निम्मं झालं, असं त्याला वाटायचं. आणि मी टिकले तो प्रत्येक दिवस त्याला मी टिकणार असल्याचा पुरावा वाटायचा. खरं तर माझा एक एक दिवस संपत चालला होता.

मृणालने त्या दिवसापासून रसिकाला मधे बसवलं. पिशव्या मागे टाकल्या. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी बाळाने रडून गोंधळ घातला, रसिकाने त्याच्या वरताण भोकाड पसरलं.

"मला माझ्या जागेवर जायचंय! इथे हा माझे केस ओढतो!"

"बरं, आजच्या दिवस," मृणाल थकून म्हणाली.

आजच्या दिवस, मग उद्याचा दिवस. त्या बाईला मी दोष कसा देऊ? रात्री तीन तीन वेळा उठणारी आई ती. पण रसिकाची उशी पुन्हा माझ्याखाली आली.

मुलं सांभाळायला भिमाबाई यायच्या. त्या सुरंगी गावच्या. शेतातलं नवं भात घरी आलं की त्यांच्याकडे सगळ्यांना बोलावून जेवू घालतात. ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्यांनी या चौघांनाही बोलावलं. नव्या तांदळाचा भात, उडदाची डाळ, अंगणात कोंबड्यांच्या मागे धावणारी रसिका. मी बाहेर उन्हात तापत उभी होते. सावली शोधायची कोणालाच आठवण नव्हती.

दुपारी परत निघाले. भिमाबाईही मुक्कामाला सिल्वासात यायच्या होत्या, त्या पुढे बसल्या. मृणाल मधे चिन्मयजवळ. आणि मागे रसिका, पोटभर जेवून माझ्याखाली उशीवर झोपलेली. गाडीतला थंड वारा माझ्या आतल्या अंगाला लागत होता, बाहेरून ऊन भाजत होतं. रस्ता खड्ड्यांचा. एकेका खड्ड्याला माझा कोपरा कुरकुरत होता. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. ‘उठवा तिला, पुढे घ्या.’ पण काचेला तोंड नसतं.

सागाची झाडं लागली तिथे रसिका जागी झाली.

"आई, शू!"

"आत्ता? घरी गेल्यावर नाही का?"

"आत्ता! लग्गेच!"

श्रीकांत वैतागला. "अगं, निघताना विचारलं होतं ना?" पण त्याने गाडी कडेला घेतली. मृणाल रसिकाला घेऊन झाडाआड गेली. चिन्मयने दूध ओकलं होतं म्हणून भिमाबाई त्याला घेऊन सावलीत उभ्या राहिल्या. श्रीकांतने पाण्याची बाटली काढायला मागचं दार उघडलं, बाटली घेतली आणि दार लावलं. रोज लावायचा तसंच, जोरात नाही.

आणि मी गेले.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. झाडावरचे पक्षी उडाले. मी सगळी आत पडले होते. सीटवर, पायांशी, आणि उशीवर. उशीच्या मध्यावर रसिकाच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. तो खळगा माझ्या खड्यांनी काठोकाठ भरला.

कोणालाही ओरखडासुद्धा आला नाही. श्रीकांत मात्र उशीसमोर उभा राहिला आणि एक एक खडा वेचायला लागला. बोटातून रक्त आलं तरी वेचत राहिला. मृणाल धावत आली. तिने उशी पाहिली. रसिकाचा चेहरा तिने पटकन आपल्या पोटाशी दाबून धरला.

खडे वेचता वेचताच श्रीकांत म्हणाला, "मी यादीत लिहिलं होतं."

"हो," मृणाल म्हणाली. "आणि मी तिला मागे बसू दिलं होतं."

भिमाबाईंनी आकाशाकडे पाहून हात जोडले. "पोरीसाठी थांबली होती बघा ती काच. पोरगी उतरली, मग गेली. तिला पण जीव असतो बाई."

रसिकाने आईच्या कमरेआडून मान बाहेर काढली आणि दाराच्या रिकाम्या चौकटीला म्हणाली, "थँक्यू, काच."

त्या घरात आता हीच गोष्ट सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत रजा टाकून दुकानात आला, तेव्हा कल्पेशभाईंनाही त्याने तीच सांगितली. त्यांनी नव्या काचेसाठी वापीला फोन लावला, आणि मला झाडून या गोणीत भरलं.

मित्रांनो, माझं कौतुक झालं, रसिकाने माझे आभार मानले. गप्प राहिले असते तर तो मान माझाच राहिला असता. पण तुम्ही लहान आहात, तुम्हाला खोटं सांगवत नाही. मी थांबले नव्हते. मला थांबता येत नाही. ती माझ्याखाली झोपलेली असताना, त्या शेवटच्या खड्ड्यात मी जवळजवळ गेलेच होते. माझ्यात जीव असता तर मी तिच्यासाठी शंभर वर्षं धरून राहिले असते, पण काचेच्या हातात ते नसतं. रसिकाला मी वाचवलं नाही. तिला वाचवलं एका शूने. ती शू भिमाबाईंच्या घरून निघतानाच झाली असती तर?

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गाडीची मागची काच जरा हात फिरवून बघा. कुठे बोटाला लागलं तर घरात सांगा. ‘बघू’ म्हणतील, ‘दिवाळीला’ म्हणतील, ‘इतके दिवस टिकली ना’ म्हणतील. तेव्हा मुळीच शहाण्यासारखं गप्प बसू नका. काच बदलेपर्यंत मागच्या सीटवर चढायचंच नाही. रडा, भोकाड पसरा, गाडीच्या दारात बसकण मारा. त्या दिवशी कोणी तुम्हाला हट्टी म्हटलं तर खुशाल म्हणू द्या.