काठोकाठ प्याला

कढईत तेल तापलं की त्या वासाने मेलेली माणसं घरी येतात, हे नारिनच्या डोंगराळ मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बुरुलकानने एकही शुक्रवार चुकवला नव्हता. बोरसोक, म्हणजे कणकेचे चौकोनी तुकडे, तळायचे, ते टम्म फुगले की एक प्याला चहा ओतायचा आणि दाराजवळच्या गादीपुढे ठेवायचा. चहा अर्धाच. अर्धा प्याला म्हणजे बसा, अजून घ्या. काठोकाठ प्याला म्हणजे प्या आणि निघा.

तिचा नवरा जोल्चू खिंडीतल्या रस्त्यावरचा बर्फ ट्रकने सारायचा; तिथेच तो बर्फाखाली गेला, त्याला एक पिढी उलटली. पण भरून प्याला तिने त्याला कधी दिला नव्हता. म्हणून तो बसून होता. अंगणात त्याच्या ट्रकच्या चाकांच्या साखळ्या खुळखुळायच्या. ऐन उन्हाळ्यात उंबऱ्याशी ओल धरायची. सून दचकली की ही म्हणायची, "सासराच आहे गं तुझा, लांडगा नाही."

आज शुक्रवार होता आणि मुलाच्या कंपनीचं सल्लागार मंडळ जेवायला येणार होतं. एल्दियारने बिश्केकमध्ये कंपनी काढली होती. डोंगरउतारावर यंत्रं पुरायची, त्यांनी बर्फाची कुरकुर ऐकायची आणि कडा सुटायच्या आत खाली खिंडीच्या फाटकावर घंटा वाजवायची. असल्या कंपनीला पैसा देणारे आधी बघतात ते सल्लागार कोण आहेत, त्यांनी जन्मभर काय केलं. एल्दियार हातातल्या फोनवरून आईला वाचून दाखवत होता.

"रौशान अबिलोवा, अल्माटी. भूकंपाच्या प्राध्यापक. दुसरे आपले मोठे काका. खिंडीतल्या हिमचौकीचे माजी प्रमुख. त्यांच्या कारकिर्दीत रस्त्यावर एकही मृत्यू नाही."

बुरुलकानचा झारा तेलातच थांबला. "एकही नाही? मग तुझा बाप काय सासुरवाडीला गेलाय?"

"आई, बाबा पिऊन गाडी चालवत होते. ते यात धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"काकांनीच सांगितलंय तसं."

तिने झारा पुन्हा हलवला. तिची जीभ अख्ख्या गावाला सोलून काढायची, पण या एका दारापाशी ती आजवर अडलेली होती. जोल्चू गेला त्या सकाळी ती चौकीवर गरम रोटी घेऊन गेली होती. जोल्चू थोरल्या भावाला सांगत होता, "दादा, उतार बोलतोय. फाटक उघडू नका." थोरला म्हणाला, "साहेबांची गाडी खोळंबली आहे. तू बर्फ सारत पुढे हो." आणि दारू? खिंडीत जायचं असलं तर जोल्चू घोडीच्या आंबलेल्या, किंचित चढणाऱ्या ताकालासुद्धा शिवत नसे. पण पुढे तिची पोरं वाढवली त्याच दिराने. शिवाय त्यांच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. ती त्याला ‘खिंडीवाले भावोजी’ म्हणायची. ज्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, त्याच्याविरुद्ध तोंड तरी कसं उघडायचं?

दुपारी पानं मांडली. बोकडाची मुंडी रीतीप्रमाणे भावोजींपुढे गेली. एल्दियारने चित्रफीत घ्यायला फोन उभा केला. ज्याने त्याने आपापलं काम सांगायचं.

रौशानबाई म्हणाल्या, "मी जन्मभर जमीन कधी हलते याकडे कान लावून बसले. नवरा म्हणायचा, एवढं माझं ऐकलं असतंस तर संसार झाला असता." सगळे हसले.

भावोजींनी आपलं सांगितलं, ‘एकही मृत्यू नाही’ सकट. मग म्हणाले, "यंत्र झकास आहे. पण घंटा बंद करायचं बटण चौकीप्रमुखाच्या हाती हवं. मोठी माणसं खोळंबतात."

"घातलंय ना काका. पुढच्या आठवड्यात बसवतोय."

अंगणात साखळ्या खुळखुळल्या. सून कढईकडे सरकली. मुंडीचा कान कापणारा भावोजींचा सुरा थांबला, आणि बुरुलकानला कळलं, यालाही ऐकू येतं.

ती उठली. चहा ओतला तो काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत, आणि भावोजींपुढे ठेवला.

"आई!" एल्दियार ओशाळला. "काका, चुकून झालं हो."

"चुकून होतो तो पोरांचा बाजार. मी ओतलाय."

म्हातारा म्हणाला, "सूनबाई, भरल्या ताटावरून उठवतेस?"

"कादिराली," ती म्हणाली.

सुनेने कानांवर हात ठेवले. आपलं नाव त्या तोंडून ऐकून म्हातारा सुरा धरल्या हाताने तसाच बसला.

"कादिराली, तुझा भाऊ त्या सकाळी काय म्हणाला ते सांग. तो तिथे बसलाय. त्याच्या तोंडावर सांग."

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. गादीपुढे अर्धा प्याला होता. गादीखालच्या लोकरी नमद्यावर ओल पसरत होती.

"तुझ्याकडे चहा तरी पितो," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे नुसता उभा राहतो."

"काका," एल्दियारचा आवाज चिरका झाला. "बाबा प्यायले होते ना?"

"नाही. बर्फातून काढल्यावर दारू मीच ओतली, त्याच्या कोटावर. उतार बोलतोय म्हणाला होता तो. मी फाटक उघडलं."

मग एल्दियारने फोन उचलला. "बटण काढतो. आणि तुमचं नावही."

"नाव राहू दे," बुरुलकान म्हणाली. "‘एकही नाही’ तेवढं खोड आणि तिथे खरं लिही. इशारा डावलला की काय होतं, ते या मंडळात याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

म्हाताऱ्याने मान हलवली. भरला प्याला त्याने उभ्या उभ्या संपवला आणि टोपी घालून निघाला. गादीजवळून जाताना तो अंग चोरून गेला.

बुरुलकान दारापाशी बसली. अर्ध्या प्याल्यात तिने चहा ओतला, थेंब थेंब, अगदी काठापर्यंत. "पी," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय आता."

साखळ्या वाजल्या. अंगणातून फाटकाकडे, फाटकातून रस्त्याकडे. अजून थोडा थांब म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.