एका ओळीतले दोघे

गल्लीतली माणसे त्यांना सेनापती म्हणत, आणि त्यात थट्टेचाच भाग मोठा होता. कारण या सेनापतींनी उभ्या आयुष्यात बंदूक हाती धरली ती केवळ पुसण्यापुरती. पलटणीत ते आचारी होते. युद्ध संपल्यावर ते एका बेकरीत लागले आणि तेथे एकोणतीस वर्षे त्यांनी डाव्या हाताने मैदा मळला, कारण उजव्या हाताची तीन बोटे आणि तळव्याचा निम्मा भाग रणभूमीवरच राहिला होता. एखादे नवखे गिऱ्हाईक हाताबद्दल विचारू लागले, की बेकरीवाला त्यांच्या आधीच उत्तर देई, "पाव चावला त्यांना." सगळे हसत. सेनापतीही हसत.

अशा या मनुष्याने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जखमेच्या पदकासाठी सरकारदरबारी अर्ज केला, तेव्हा म्हातारपणी हौस सुटली असेच लोकांना वाटले. अर्ज फेटाळला गेला. त्यांनी अपील केले. पदक मिळाले तर घड्याळाच्या शेजारी खिळा ठोकायचा, एवढे बायकोने ठरवूनही टाकले होते. परंतु पदकामागचे खरे कारण सेनापतींनी तिलाही सांगितले नव्हते. ते पदक त्यांना एका मेलेल्या माणसासाठी हवे होते.

त्याची हकीकत अशी. बेचाळीस वर्षांपूर्वी, दिवस मावळण्याच्या सुमारास, दोन आचारी बांबूला चहाचे पिंप अडकवून पुढच्या खंदकाकडे निघाले होते. पुढे जोडीदार आणि मागे सेनापती. वाटेच्या वळणावर तोफेचा गोळा पडला. शुद्ध आली तेव्हा सेनापती मलमपट्टीच्या तंबूत होते आणि शेजारच्या खाटेवर जोडीदार बेशुद्ध पडला होता. उशाशी वही घेऊन कारकून बसला होता. शत्रूकडून जखमी झालेल्याच्या घरी तार जाई. अपघाताने जखमी झालेल्याच्या घरी जात नसे. सेनापतींना एकच आठवले. वर्षापूर्वी मेव्हण्याच्या नावाची अशीच तार घरी आली होती, त्यात जखमी असे लिहिले होते, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी तार आली ती मृत्यूची. त्या दोन्ही तारा हाती घेणारी मेव्हण्याची बहीण, म्हणजे सेनापतींची बायको, आता सातव्या महिन्यात होती. त्यांनी कारकुनाला गळ घातली, की स्टोव्ह फुटला असे लिही. कारकून भला माणूस होता. त्याने लिहिले, "भटारखान्यात स्टोव्ह फुटून आचारी दोन जखमी." दोघे एकदमच आणले गेले होते, म्हणून ओळ एकच झाली. पहाटे त्याच ओळीच्या कडेला त्याला आणखी तीन शब्द लिहावे लागले, "पैकी एक मयत."

त्या दिवसापासून जोडीदार स्टोव्हने मेलेला ठरला. पलटणीच्या स्मारकशिळेवर त्याचे नाव आले नाही. त्याची बहीण दरवर्षी तेथे येई, वरपासून खालपर्यंत बोट फिरवून नावे वाची आणि मुकाट निघून जाई. सेनापतींनी हे एकदा झाडाआडून पाहिले होते. पुढे होण्याची छाती झाली नाही. दोन वर्षांपूर्वी ती वारल्याचे कळले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्जाचा कोरा कागद आणला. स्वतःची जखम युद्धातली ठरली, म्हणजे ती ओळच खोटी ठरणार होती, आणि मग जोडीदाराला शिळेवर जागा देण्यावाचून सरकारला गत्यंतर उरणार नव्हते.

सुनावणीला बायको हट्टाने सोबत आली. खोली लहान होती. दोन टेबले, नाडीने बांधलेल्या फायलींची उतरंड, आणि खटखट लिहून घेणारी एक टंकलेखिका. अपील अधिकारी वयाने धाकट्या जावयाएवढा होता आणि त्याला पडसे झाले होते. त्याने दोघांना बसायला सांगितले, बायकोसाठी पाणी मागवले. मग नाक पुसत म्हणाला, की कारकून हयात नाही आणि हात कशाने गेला हे आता डॉक्टरांना सांगता येत नाही. परंतु तोफखान्याची रोजनिशी आपण मुद्दाम मागवली, आणि त्या दिवशी त्या वळणावर गोळे पडल्याची नोंद तीत आहे.

"म्हणजे तुमच्या विरुद्ध ही एक ओळच उरते, काका," तो म्हणाला, "आणि मला ती चुकीची वाटते."

सेनापतींना बोलायचे होते, तेवढ्यात बायकोने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे पण घ्या साहेब. गोळ्याचं पत्र आहे. चार घरं बदलली, पण हरवू दिलं नाही. अक्षर बघा, ह्यांचं नाही. हाताला लागलं होतं म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतलंय. लग्न झालं तेव्हापासून मला ह्यांचं अक्षर माहीत आहे, कोंबडीचे पाय नुसते."

टंकलेखिका हसली. सेनापती मात्र जागच्या जागी थिजले. ते पत्र घर बदलताना केव्हाच गेले, असे ते समजून होते. घरी परतल्यावर त्यांनी बायकोला गोळ्याची खरी गोष्ट सांगितली होती, आणि तेव्हापासून घरात त्या कागदाचे नाव गोळ्याचे पत्र असेच पडले होते. तिला वाचता येत नव्हते; आले तेव्हा कोणीतरी एकदा वाचून दाखवले होते, पण पुढे मजकूर विसरून गोळाच तेवढा तिच्या ध्यानात राहिला. आत काय लिहिले आहे, हे बेचाळीस वर्षांत कोणी पुन्हा पाहिलेच नव्हते.

अधिकाऱ्याने कागदावर क्रमांक घातला, टंकलेखिकेला नोंद सांगितली आणि मग घड्या उलगडल्या. वाचताना त्याचा आवाज उतरत गेला. सेनापतींनी लिहवले होते, की लढाईचे नाव नाही, आम्ही चुलीपाशी सुखरूप. आज स्टोव्ह फुटून हात जरासा भाजला, माझीच चूक, तू हसशील. जोडीदारालाही थोडे लागले आहे. काळजी नसावी.

बायकोने घाईघाईने सांगायला घेतले, की ते खोटे आहे, मी पोटुशी होते, मी घाबरू नये म्हणून ह्यांनी तसे लिहिले. अधिकाऱ्याने मान हलवली. तो म्हणाला, की आपला विश्वास आहे, परंतु आता नोंदही स्टोव्ह म्हणते आणि अर्जदाराचे स्वतःचे पत्रही स्टोव्ह म्हणते, आणि त्या वेळच्या कागदापुढे आजचा तोंडी शब्द नियमाने टिकत नाही. कागद फायलीला लागलेला आहे. तो काढून घेणे आपल्या हाती नाही.

तेव्हा सेनापती उठून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच ते एखाद्या साहेबासमोर न विचारता बोलले.

"मला पदक नको, साहेब. मी स्टोव्हनेच भाजलो, असंच राहू द्या. खोटं लिहवलं म्हणून काय शिक्षा असेल ती द्या. पण त्याने काही लिहवलं नव्हतं, तो बेशुद्ध होता. त्याला तेवढा त्या स्टोव्हपासून सोडवा."

अधिकाऱ्याने ती जुनी वही पुन्हा उघडली आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले.

"ओळ एकच आहे, काका," तो शेवटी म्हणाला. "अर्धी खोडता येत नाही."

त्याने ती ओळ कडेच्या शब्दांसकट वाचून दाखवली, आणि बायकोला ती प्रथमच ऐकू आली. जोडीदार होता, तो वारला, एवढे तिला माहीत होते. तो कशाने वारल्याचे लिहिले गेले आणि कोणासाठी, हे माहीत नव्हते.

दोघे बाहेर आली. जिन्याच्या पहिल्याच वळणावर ती पायरीवर बसली. फायली घेऊन शिपाई बाजूने चढत-उतरत होते. तिने जोडीदाराच्या घरी कोण कोण होते असे विचारले. बहीण होती, असे त्यांनी सांगितले. शिळेचे सांगितले, झाडाआडून पाहिल्याचे सांगितले. ती ऐकत राहिली.

"एवढी वर्षं मला बोलला नाहीत."

"बोललो असतो, तर तू ते स्वतःच्या माथी घेतलं असतंस."

तिने पदराने तोंड पुसले, पुन्हा पुसले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब तर द्यायला निघाले होते. मी तो कागद दिला नसता तर त्याचं नाव लागलं असतं ना, हो?"

सेनापतींच्या जिभेवर उत्तर तयार होते. पत्राने काही बिघडले नाही, साहेबांनी आधीच ठरवले होते, तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. ते उत्तर त्यांना सहज साधले असते. तिला काही वाटू नये म्हणून बोलण्याची त्यांना पूर्वीपासूनची सवय होती. ओठ हललेही.

"लागलं असतं," ते म्हणाले.

आणि गुडघ्यावर हात टेकत, सावकाश, तिच्या शेजारी पायरीवर बसले.