स्टेशनमास्तरांच्या कोटाचं माप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर आठवणमहाराजांनी म्हाताऱ्या अप्पा शिंप्याच्या कपाळावर अंगठा टेकवला आणि डोळे मिटले.

"दिसतोय. काळा कोट दिसतोय. बोला मास्तर, कुणाचा?"

वर्षभर धड एक वाक्य पुरं न केलेले अप्पा ताठ झाले. "स्टेशनमास्तरांचा. छाती अडतीस, बाही चोवीस, डावा खांदा अर्धा इंच खाली."

चाळीस वर्षांपूर्वीचं माप. लोकांनी तोंडात बोटं घातली. शेजारच्या पाववाल्या मावशी अप्पांच्या मुलीचा हात धरून म्हणाल्या, "मलाही यांनीच बरं केलं गं. मी स्वतःचं दार ओळखत नव्हते." मुलीच्या डोळ्यांना धार लागली होती.

तिच्याकडे दोन कागद होते. चौकातल्या दवाखान्याच्या कागदावर डिमेन्शिया लिहिलं होतं, तर मोठ्या तपासण्यांनंतरच्या कागदावर अल्झायमर. महाराजांनी दोन्ही पाहिले. "पहिला रोग आम्ही पळवला. दुसरा मागच्या दाराने शिरलाय, बारा बैठकांत त्यालाही हाकलू. तेवढ्या गोळ्या बंद करा. आमची शक्ती आणि गोळी एका पोटात नांदत नाहीत." शक्ती भलतीच मानी, अर्ध्या गोळीशीही तिचं पटत नसे. मुलगी दुकान एकहाती चालवणारी, हिशेबी बाई. पण नावं दोन म्हणजे रोग दोन, हे तिला पटलं. आशा लागली की शहाणपण कुठं टिकतं?

गोळ्या बंद केल्यावर तीन महिन्यांनी एका दुपारी, इस्त्री तापली का हे बघायला अप्पांनी इस्त्रीवरच तळहात टेकवला.

चौकातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भाजलेल्या हाताला पट्टी बांधली, सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "ताई, गिऱ्हाईक फाटका कोट आणतं तेव्हा तुम्ही काय बघता?"

"कशाने फाटलाय ते. उंदराने कुरतडलाय, खिळ्याला अडकलाय, की शिवण उसवलीय."

"डिमेन्शिया म्हणजे 'फाटलाय', एवढंच. विसर पडतो, विचार अडखळतो, रोजची कामं जमेनाशी होतात, त्या अवस्थेचं नाव. अल्झायमर हा तो फाडणारा एक आजार. सगळ्यात जास्त आढळतो, पण तो एकटाच नाही. अप्पांचं दुखणं एकच आहे. पहिल्या कागदावर काय झालंय ते लिहिलं, दुसऱ्यावर कशाने."

"मग मावशी बऱ्या कशा झाल्या?"

"त्यांनाच विचारा, दुसरं काय औषध चालू होतं ते. काही कारणं बरी होतात, जसं एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता. अप्पांचं कापडच विरत चाललंय. गोळ्यांनी ते पूर्ववत झालं नसतं, पण काही दिवस कदाचित सोपे गेले असते."

मुलीला रडूही येईना. "आणि ते माप?"

"या आजारात कालचं आधी जातं, जुनं बरेच दिवस टिकतं. पण महाराजांना कोट कुठून दिसला?"

तिला महाराजांच्या सभागृहाबाहेरचं नोंदणीचं टेबल आठवलं. तिथल्या अर्जावर प्रश्न होता, रुग्ण वारंवार काय बोलतो? तिनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, स्टेशनमास्तरांचा काळा कोट.

मावशींना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "बी-बाराची इंजेक्शनं घेत होते. रक्तात फार कमी निघालं होतं. पण ती नुसती ताकदीची गं."

पुढच्या बैठकीत ती अप्पांना घेऊन व्यासपीठावर चढली. "महाराज, आज जुनं नको. मी कोण, एवढंच त्यांना विचारा."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये, बाई."

"मग मी विचारते. अप्पा, मी कोण?"

अप्पांनी तिला नीट न्याहाळलं. पट्टी बांधलेल्या हाताने तिच्या गळ्यातली टेप काढली, तिच्या खांद्यांवर लावली. "साडेचौदा," ते म्हणाले. "कोट कधी हवाय, बाई?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी आहे."

मग तिने अर्जाचं सांगितलं, इंजेक्शनांचं सांगितलं. महाराज केव्हा उठून आत गेले, कुणाला कळलं नाही. ती लोकांकडे वळली. "तुमच्या घरी कुणी विसरायला लागलं, तर कशाने ते आधी दवाखान्यात तपासून घ्या. बरं होण्यासारखं असेल तर होईल. नसेल, तर औषध सोडू नका आणि त्यांच्याजवळ बसा. मी तीन महिने इथल्या रांगेत घालवले. तेव्हा त्यांना माझं नाव येत होतं."

अप्पा टेप धरून अजून उत्तराची वाट पाहत होते.

"सावकाश शिवा," ती म्हणाली. "मला घाई नाही."