घर क्रमांक सात

१९६१ च्या भाद्रपदात, गणपती गेल्यानंतरचे आठ दिवस, मी आमच्या वाडीत तराजू घेऊन घरोघर फिरले. मी घाटावरच्या शेतकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षी कृषी अर्थशास्त्र हा खास विषय घ्यायचा तर हर्डीकर सरांची शिफारस लागे, आणि ते वर्षाला सहाच विद्यार्थी घेत. त्यांत मुलगी कधी नव्हती. सुट्टीतल्या पाहणीचा अहवाल पाहून ते नावं ठरवणार होते. मला ती जागा हवी होती.

पाहणी सोपी होती. वाडीच्या यादीतलं दर तिसरं घर घ्यायचं, सकाळी तांदूळ धुण्याआधी दिवसभराचं धान्य तोलायचं, घरात जेवणारी माणसं मोजायची आणि तक्ता भरायचा. शिवाय प्रत्येक घरातून रोज मूठभर धान्य त्या घराच्या कागदाच्या पुडीत घ्यायचं, कॉलेजात त्यातला ओलावा काढण्यासाठी. अशी सात घरं आली. पहिली तीन कलमांच्या बागा असलेल्यांची. चौथं तुळसाचं, पाचवं सावित्रीचं, सहावं यशोदाकाकींचं. सातवं आमचं.

तुळसा माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिने पहिल्याच दिवशी तांदळाची रोवळी माझ्यापुढे ठेवली.

"तोल गो बाये. माका पण बसव त्या पारड्यात. बघ, तुझ्या नव्या किलोत किती भरतंय ती."

तांदूळ भरला दोन किलो सातशे पन्नास ग्रॅम. माणसं सहा. सावित्रीकडे भरला दोन किलो सातशे, माणसं सहाच. यशोदाकाकींकडे दोन किलो सहाशे पन्नास. पुढचे सात दिवस जवळजवळ हेच आकडे आले. ते इतके जुळत होते की मला माझ्या तराजूचं कौतुक वाटलं.

आमच्या घरी मी तोललं नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडे दोन्ही वेळा नाचणी होती. सकाळी पेज, रात्री भाकरी. एरवी आमच्याकडे भादव्यातही एक वेळ भात असे. मी दुसऱ्या दिवशी आईला, माईला, विचारलं, "रोज नाचणीच कित्याक गो?" ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "माका पित्त झालां. भात सोसणा नाय." मला ते पटलं नाही, पण पुढे विचारलंही नाही. माझे वडील शाळामास्तर, परगावी नोकरीला. मास्तरांच्या घरी आठ दिवस नाचणीची पेज, हे सरांनी माझ्याच अक्षरात वाचावं हे मला नको होतं. कॉलेजातल्या मुली माझ्या बोलण्याला हसत. त्यात ही भर कशाला? मी ओटीवर बसून सातव्या घराचा तक्ता भरला. माणसं चार. तांदूळ एक किलो आठशे. दुसऱ्या दिवशी एक किलो सातशे ऐंशी. आकडे खरे वाटावेत म्हणून थोडे पुढेमागे केले. पुडीतही धान्य घातलं नाही. सरांना सांगितलं, ती वाटेत भिजली.

सर खूश झाले. वर्गात अहवाल उघडून म्हणाले, "कोकणात भादव्यात धान्याची ओढ असते असं आपण धरून चालतो. इथे तसं दिसत नाही. आणि आकड्यांत विस्कळीतपणा नाही, हे विशेष." आपल्या लेखात ते हे आकडे वापरणार होते. त्या संध्याकाळी मी मैत्रिणींना चहा पाजला.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत पुड्या उघडल्या. चौथी उघडली आणि मला घरची आठवण झाली. का, ते कळेना. पाचवी उघडली, सहावी उघडली, तेव्हा कळलं. तिरफळांचा वास होता. आमच्या वाडीत तांदळाला पोरकिडा लागू नये म्हणून सगळ्या निर्गुडीचा पाला घालतात. सुकी तिरफळं घालणारी एकटी माझी आई. मी दाणे भिंगाखाली धरले. तिन्ही पुड्यांत तोच लाल उकडा तांदूळ, आणि सहावीत तिरफळाचं एक काळं टरफल. मी आकडे पुन्हा पाहिले. सातशे पन्नास, सातशे, सहाशे पन्नास. प्रत्येक पुढच्या घरात एकेक मूठ कमी. ती मूठ माझ्याच पुडीत होती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा माई आणि तुळसा मागच्या पडवीत पोहे पाखडत होत्या. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"माई, भादव्यात तुळसाक तांदूळ तू दिलंस?"

माईने सुपातला कोंडा उडवला. तुळसा सूप थांबवून हसली.

"कळला गो माई तुझ्या चेडवाक! अगो, तू पुढल्या दारान जायस, आणि तांदूळ मागल्या दारान. यशोदाकाकी एकदा धापा टाकीत रोवळी भरी होती, तू कुंपणाच्या बेड्याकडे पोचलंस तरी."

"पण कित्याक?"

"मगे काय करूचां? काटो घेऊन तू दारात उभी. रिकामो टोप दाखवू? आमची पेज तू कागदार लिवन घाटार नेतलंस, ती कोण कोण वाचतले."

"आणि मगे तो तांदूळ परत?"

आता माई बोलली. "काकींकडे शिजा. कधी सावित्रीकडे, कधी हिच्याकडे, पाळयेन. पोरांनी एकदा बघितलो तांदूळ माघारी कसो आणूचो?"

म्हणजे रोजचा तो तांदूळ आमचा होता. पित्त नव्हतं. शेजारणींची लाज राहावी, माझं काम अडू नये, म्हणून तिने आठ दिवस घरात नाचणी शिजवली होती.

मला राग आला. राग येणं त्या वेळी सोपं होतं. मी ओरडले, "सगळां खोटां झालां! सरांनी तां लेखात घातल्यानी. माझी जागा जायत ना आता!"

तुळसाने सूप खाली ठेवलं. "आमी खोटां दाखवलां, मान्य. तुझ्या घराचां काय लिवलंस गो मगे?"

मी पिशवी खाली ठेवली, तेवढ्यात माई म्हणाली, "तिणां नाचणी लिवल्यान आसतली. काय इचारतंस? माझां चेडू खोटां लिवचां नाय."

आणि ती पुन्हा पोहे पाखडू लागली. मी तिथून विहिरीवर गेले, पाय धुवायला.

सुट्टी संपल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. चौथं, पाचवं, सहावं घर वगळा, तांदूळ एकच होता, असं सांगितलं. टरफलही दाखवलं. माझा आवाज स्थिर होता. त्या तीन बायकांचं खोटं सांगताना तो मुळीच कापला नाही.

सरांनी तिन्ही घरांवर लाल रेघ मारली. मग चष्मा काढून म्हणाले, "हे स्वतः येऊन सांगायला धैर्य लागतं. तुमचं नाव मी यादीत घालतो आहे. आणि निदान सातव्या घराबद्दल तरी शंका नाही. ते तुमचंच."

मी 'हो' म्हणाले. नमस्कार करून दारापर्यंत गेले. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि माईचं वाक्य आठवलं, शब्दन् शब्द. मी परत वळले.

"सर, सातवंही काढा."

"का?"

"तिथे मी तोललंच नाही. पुडीही भिजली नव्हती. आकडे मनाचे आहेत."

त्यांनी लाल पेन पुन्हा उचललं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी यादी ओढून घेतली आणि माझ्या नावावरही रेघ मारली, तशीच, लाल. मग विचारलं, "तिथे शिजत काय होतं?"

"नाचणी."

त्यांनी एक कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवला. "मग तेवढं लिहा. जे माहीत नाही तो रकाना रिकामा ठेवा."

मी घर क्रमांक सात लिहिलं. माणसं चार. धान्याच्या रकान्यात नाचणी लिहिलं. वजनाचा रकाना रिकामा ठेवला. त्याच्या पुढे आणखी एक रकाना होता, घरातल्या प्रत्येक माणसाने काय खाल्लं त्याचा. वडिलांच्या गैरहजेरीत आम्ही तिघं भावंडं आणि माई. भावंडांच्या भाकऱ्या मला आठवत होत्या. माझ्या तर नीट आठवत होत्या. चौथ्या ओळीत मी माईचं नाव घातलं आणि थांबले. ती आम्हाला वाढून झाल्यावर जेवायला बसे. त्या आठ दिवसांत तिच्या ताटात काय होतं ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

तोही रकाना रिकामा राहिला.