कागदावर घेतलेली बाग

उखर्डूने लीलाधर मास्तरांच्या मांडीवरचा कागद उचलला आणि पालथा करून परत मांडीवर ठेवला. फाडला नाही, चुरगळला नाही. कोऱ्या बाजूवरून हात तेवढा फिरवला.

“मास्तर, पाह्याचं तं दिवसभर पाहा. पन कागदावर घेऊ नका.”

बांधावर बसलेल्या मास्तरांना आधी हसूच आलं. जळगावच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, म्हणजे वर्षभर पोरांकडून सुरई आणि वाटी गिरवून घेत. धुळ्याकडच्या उघड्या माळावर वाढलेल्या मास्तरांनी असोद्याची केळीची बाग पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ते सायकल हातात धरून रस्त्यातच उभे राहिले होते. पानाचा वरून दिसणारा हिरवा वेगळा, आणि ऊन पलीकडे असताना पान आतून उजळतं तो हिरवा वेगळा. तो दुसरा हिरवा एकदा कागदावर यावा, एवढीच त्यांची हौस होती. तिच्यापायी सुट्ट्या गेल्या, रंगांच्या वड्या गेल्या, घरी कुंदाबाईंची बोलणी खावी लागली. हिरवा काही येत नव्हता.

“अहो उखर्डूभाऊ, कागदाने काय होणार आहे?”

“मांगच्या सालले तुमी माह्या शेजारच्या वनाभाऊची बाग काढली. लगेच वावधन आलं अन् बठ्ठी आडवी झाली.”

“वादळ काय माझी चित्रं बघून येतं?”

“ते मले नाही मालूम. पन वारा त्याच्या वावरातून निंघाला अन् माह्या वावरातून गेला. मंग माही बाग कशी उभी राह्यली?”

याला उत्तर होतं. वनाची बाग उंचवट्यावर होती, उखर्डूची खोलगट जागेत, आणि तिला शेवरीच्या झाडांचा आडोसा होता. मास्तरांनी ते नीट समजावलं. उखर्डूने मान डोलवत सगळं ऐकून घेतलं, पण नजर त्या पालथ्या कागदावरून काही काढली नाही.

“केयी निसवल्या, मास्तर. घड बाहेर पडले. पोरीचं लगन याच्यावर धरलं हाये. तुमच्या पाया पडतो.”

पाया पडतो म्हणणाऱ्याशी वाद काय घालणार? मास्तरांनी रंगांची पेटी बंद केली. पण मनातून ते चिडले होते. आपल्याकडे लोक विंचवाकडे पाहावं तसं पाहू लागलेत, हे त्यांना फार लागलं.

वाटेत शेजारच्या बांधावर वना उभा होता. गेल्या साली बाग गेली तो हाच. तो मास्तरांना टाळेल असं वाटलं होतं. उलट त्याने सायकलचं हँडल धरलं.

“उखर्डूनं उठोलं ना? या, माह्या बांधावर बसा. अठून त्याची बाग लई साजरी दिसते.”

त्याने बाभळीखाली आपलं उपरणं अंथरलं. मग आवाज उतरवून विचारलं, “पुरी काढसान ना, मास्तर? का इकडची बाजूच?”

त्याला काय हवंय ते मास्तरांच्या ध्यानात आलं. तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण ऊन कलत होतं आणि समोरची पानं आतून पेटल्यासारखी झाली होती. दोघेही अडाणी आहेत, त्यांच्या अडाणीपणाला आपण का भ्यावं, असं स्वतःला बजावत ते खाली बसले. आणि त्या दिवशी तो हिरवा आला. बोटांखालून, न मागता, सहज आला. मास्तरांचे डोळे भरून आले. वना मागे उभा राहून कितीतरी वेळ पाहत होता. जाताना त्याने रामराम केला, तो मास्तरांना नव्हता, चित्राला होता.

त्याच आठवड्यात, एका दुपारी, आभाळ मातकट झालं. कुंदाबाई दोरीवरचे कपडे ओढायला धावल्या. शेजारचे पत्रे थडथडू लागले. मास्तर भिंतीवर लावलेल्या त्या नव्या चित्रासमोर उभे होते. त्यांना शेवरी आठवली, खोलगट जागा आठवली. मग बांधावर उभा राहून वाऱ्याची वाट पाहणारा वना दिसू लागला. त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं, मोरीत नेलं आणि बादलीत बुडवलं.

“अहो! हे काय करता? किती छान झालं होतं!” कुंदाबाई दारातच थबकल्या.

“रंग चुकला होता.”

कागद पांढरा पडेपर्यंत ते तळव्याने चोळत राहिले.

आषाढात उखर्डू घरी आला. फडक्यात बांधलेली केळ्यांची फणी त्याने कुंदाबाईंच्या हातात दिली.

“एक झाड पडलं नाही, वहिनी. मास्तरांनी माह्या शब्दाले मान देला.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “वना म्हने, मास्तर माह्या बांधावर बसले व्हते. मी म्हनलं, बसले असतीन. काढलं नसीन.”

बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरून फिरत होती. मास्तरांनी फणीतलं एक केळं तोडून घेतलं. कुंदाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. भिंतीवर चित्र नाही हे पाहिल्यावर उखर्डू सैल झाला. चहा आला तसा तो मोकळेपणाने हसलासुद्धा.

“आता घड उतरले. आता खुशाल काढा. मी सोता तुमाले बसाले खाट टाकून देतो.”

मास्तरांनी सोललेलं केळं हातात तसंच धरलं.

“नको,” ते म्हणाले. “बुंध्यापाशी पिलं फुटली असतील ना? पुढच्या सालची.”

उखर्डूचं हसू थांबलं. त्याने बशी खाली ठेवली आणि तो मास्तरांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.