काजळाच्या भुवया

“शेंड्याकडनं भर, हाजरा. काडी दाबू नको. एकेक केस वढल्यावानी वढ.”

सासूला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण काजळात काडी बुडवली की हाजराबीच्या कानाशी हे बोल येत. घोडेगावात बांगड्या भरणं हा तिचा धंदा. लग्नाच्या पोरींच्या विरळ भुवया तुपात खललेल्या काजळानं भरून देणं, ही वरची हौस.

त्या दिवशी साळूबाईच्या मनकर्णेला बघायला कोपरगावचे पाहुणे यायचे होते. आधी बांगड्या. हात दाबला की बाकीच्या पोरी कण्हतात, ही गप्प. एक बांगडी पिचली, काच मनगटात रुतली, रक्त आलं, तरी हिची नजर दाराकडेच.

“दुखंना का गं?”

“न्हाई मावशी. अलीकडं या हाताला काय कळतच न्हाई.”

“मुंग्या आल्या असत्याल,” साळूबाई घाईनं म्हणाली. “तुमी भुवया भरा आधी. निम्म्या झडल्यात. पाव्हनं काय डोळं झाकून येत्यात व्हय?”

हाजराबीचा हात थबकला. तिच्या मामाचं असंच झालं होतं. आधी भुवया, मग बोटं, मग गावाबाहेर झोपडी. पण महारोगाचं नाव अशा घरात, अशा घटकेला कसं काढावं? लग्न उरकलं की सांगू, असं मनाशी म्हणत तिनं काजळ भरलं. भुवया अशा उमटल्या की साळूबाईनं कडाकडा बोटं मोडली.

लग्न झालं. जाताना हाजराबीनं पोरीला काजळाची डबी दिली, काडी धरायला शिकवलं. सांगायचं तेवढं राहून गेलं.

महायुद्ध संपलं त्या साली मनकर्णा माहेरी परत आली. गोठ्यामागच्या खोपीत तिला निराळी ठेवली होती. हाजराबी गेली, तेव्हा ती उठून बसली. बोटं आत वळली होती.

“तुमी शिकवल्यावानी रोज भरत हुते, मावशी. सगळ्यांच्या आधी उठून. तीन वरसं कुनाला कळलं न्हाई बगा.”

तिच्या बोलण्यात कौतुक होतं. ते हाजराबीला सोसेना.

“मला कळलं हुतं, पोरी. पाव्हनं आलं त्याच दिशी.”

मनकर्णेनं वळलेली बोटं पदराखाली घेतली. मग हळूच म्हणाली, “तवा सांगितलं आस्तं तर?”

“तवा सुया लागल्या आस्त्या तर बोटं वाचली आस्ती.” हाजराबीनं मान वर केली नाही. “मिशनच्या दवाखान्यात दर शुक्रवारी या रोगावर तेलाच्या सुया टोचत्यात. मी नेते तुला. सुया चालू हायती तवर दर शुक्रवारी.”

“शुक्रवारी तर तुमचा बाजार. आन् मला गाडीत कोन घेतंय?”

“चालत जाऊ.”

शुक्रवारी पहाटे नमाज आटोपून हाजराबीनं बांगड्यांची पेटी घरातच ठेवली. सगळी वाट बाजाराला निघालेल्या बैलांनी भरली होती. त्यांच्या उलट दिशेनं दोघी निघाल्या. हाजराबीनं मनकर्णेचा हात धरला होता, पण मनगटाशी नाही. कोपराच्या वर, जिथं तिला अजून कळत होतं, तिथं.