पत्र्याआडचा खांब

मी एक जुना सागवानी खांब आहे. मित्रांनो, आमच्या कचेरीसमोरून तुम्ही रोज गेलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. का, ते सांगतो.

आलापल्लीच्या रानातून बैलांनी मला ओढत आणलं. सुतारांनी रंधा मारून कचेरीच्या ओसरीत उभं केलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. काम छप्पर पेलायचं, पण मान मिळाला तो पुकाऱ्यामुळे. रामाजी शिपाई बाहेर यायचा, माझ्यावर हात टेकायचा आणि खणखणीत आवाजात तीनदा नाव पुकारायचा. ज्याचं नाव, तो चपला माझ्यापाशी काढून आत जायचा. रानातल्या गावागावांत ठाऊक होतं, त्या खांबापाशी जाऊन बसायचं, नाव येतंच. मला याचा जरा गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी कचेरीला नवं रूप द्यायचं ठरलं. नकाशे घेऊन अश्विन नावाचा तरुण इंजिनिअर आला. भला माणूस. माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "असं सागवान आता कुठी भेटते? याले तोडू नका, झाकून टाका."

मी वाचलो म्हणून हरखलो! महिन्याभरात माझ्यापुढे करडे पत्रे आणि निळ्या काचा चढल्या. ओसरी गेली. रामाजी निवृत्त झाला होता. नावं आत पडद्यावर येऊ लागली. बाजाराला आलेले लोक कचेरीसमोर उभे राहून फोटो काढत. मला मात्र दोन पत्र्यांमधल्या फटीतून दिसेल तेवढंच जग उरलं.

उन्हाळ्यात सुकरी आली. तिच्या वनहक्काच्या दाव्याची ती शेवटची तारीख होती, हजर राहिली नाही तर कसती जमीन हातची जायची. नवरा गेल्यापासून ती एकटीच खेटे घालत होती. आधीच्या दोन्ही तारखांना ती मला टेकून बसली होती. या वेळी तिनं काचेचं दार पाहिलं, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, आणि बाहेरच पत्र्याला टेकून पुकाऱ्याची वाट बघत बसली. आमच्यात चार बोटांचं अंतर होतं. तिला सांगावं म्हणून माझा जीव तुटत होता, पण लाकडाला कुठली वाचा!

पाच वाजता नूतनबाई कारकून घरी निघाल्या.

"बाई, काऊन बसून राह्यल्या?"

"पुकारा नाई झाला अजून."

"पुकारा तं बंद झाला ना! नाव काय तुमचं?"

सुकरीनं नाव सांगितलं. नूतनबाईंचा चेहरा उतरला.

"तुमचा दावा दुपारीच निकाली काढला, बाई. गैरहजर म्हणून."

"गैरहजर?" सुकरी उठून उभी राहिली. "मी तं सकाळपासून इथीच आहो."

नूतनबाई आत धावल्या. साहेब निघून गेले होते. त्या परत आल्या आणि सुकरीचा हात धरून तिथंच बसल्या.

मित्रांनो, जुन्या इमारतींना खुशाल नवं रूप द्या. मलाही झाकलेलंच राहू द्या. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशाच कचेऱ्यांत बसाल. दाराबाहेर कुणी मुकाट बसलेलं दिसलं, तर कशासाठी आलात म्हणून विचारा. आणि संध्याकाळ व्हायच्या आत विचारा.